सभासदांनी हात वर करण्यापूर्वी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सप्टेंबर हा सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा महिना आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत सभा घेण्याचे बंधन महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ ने घातले असल्यामुळे ३० तारखेपूर्वी राज्यभर साखर कारखाने, दूध संघ, नागरी बँका, पतसंस्था, विकास सोसायट्या आणि गृहनिर्माण संस्था यांच्या सभांची एकच झुंबड उडते. या सभांच्या बातम्या आपल्या दैनिकात आणि इतरत्रही नियमाने येतात, आणि त्यांतील दोन वाक्ये वाचकांना आता पाठ झालेली आहेत : ‘सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली’ आणि ‘विषयपत्रिकेवरील सर्व विषय एकमताने मंजूर करण्यात आले’. कोट्यवधी रुपयांचा ताळेबंद, बाहेरून कर्ज उभारण्याची मर्यादा, लेखापरीक्षकाची नेमणूक, पोटनियमांतील दुरुस्ती असे विषय अर्ध्या-पाऊण तासात हातावेगळे होतात आणि तीच त्या संस्थेच्या एकजुटीची खूण मानली जाते. एका कारखान्याचा, एका पतसंस्थेचा आणि एका गृहनिर्माण संस्थेचा जुना सभासद या नात्याने मला या एकमताबद्दल काही लिहावेसे वाटते.

चार डोकी एकत्र आली की एकट्यापेक्षा शहाणा निर्णय होतो, या विश्वासावर सहकाराची सगळी उभारणी आहे. ‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपल्याकडे पूर्वीपासून म्हणतात. मात्र ते पाच जण आधी विचार करून आपापले मत मांडत असतील, तरच त्या म्हणण्याला अर्थ राहतो. व्यासपीठावरून एकाने विचारावे आणि मंडपातून पाचशे जणांनी एका सुरात ‘मंजूर’ म्हणावे, यात पाचशे मते नसतात. व्यासपीठावरचे एकच मत पाचशे वेळा उच्चारलेले असते.

आपल्या प्रांतात सहकाराची गरज कुठून निर्माण झाली, हे थोडक्यात आठवणे योग्य होईल. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि तो उठाव पुणे-नगर भागात पसरला. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला, १९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा आला. हिशेबाची वही एकट्या सावकाराच्या हातात होती आणि ऋणको ती वाचू शकत नव्हता, हे त्या असंतोषाचे एक मोठे कारण होते. वही सर्वांची व्हावी, ती सर्वांसमोर वाचली जावी आणि चूक आढळल्यास कोणालाही बोट ठेवता यावे, यासाठी वार्षिक सभा आहे.

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये उभा राहिला, तेव्हा लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले आणि अध्यक्षपद स्वतःकडे न घेता ते धनंजयराव गाडगीळ या अर्थशास्त्रज्ञाकडे दिले. शेतकऱ्याला आपली जमीन, आपले पाणी आणि आपल्या शेजाऱ्याची पत ठाऊक होती. गाडगीळांना भांडवल, घसारा आणि बाजारभाव ठाऊक होते. या दोन प्रकारच्या ज्ञानांनी एकमेकांना प्रश्न विचारले, म्हणून तो प्रयोग टिकला, असे माझे मत आहे. आज संचालक मंडळाच्या निवडणुकीत पॅनेल उभे करताना गट, भावकी आणि गावनिहाय बेरीज पाहिली जाते. हिशेब वाचता येणारा एखादा माणूस पॅनेलमध्ये असावा, असा आग्रह मी फारसा ऐकलेला नाही.

आता सभासद बोलत का नाहीत, याकडे येतो. तो अडाणी आहे किंवा उदासीन आहे, असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हे खरे कारण नाही. ऊस पिकवणाऱ्या सभासदाचे उदाहरण घ्या. कारखान्यात त्याचे शेअर्स कितीही असोत, मत एकच आहे, आणि चेअरमनचेही मत एकच आहे. कायद्याने केलेली ही बरोबरी मोठीच आहे. परंतु त्याचा ऊस कधी तुटणार, टोळी केव्हा येणार, हे कारखान्याचा शेती विभाग ठरवतो. लागणीच्या नोंदीच्या तारखेनुसार तोडीचा क्रम लागावा हा नियम आहे, पण तो पाळला जातो की नाही, हे पाहणारे तेच, आणि न पाळला गेल्यास तक्रार करायची तीही त्यांच्याकडेच. तुरा आलेला ऊस फडात उभा राहिला की वजन घटते, साखर उतरते आणि पुढच्या पिकाची वेळ चुकते. ज्याने सप्टेंबरमध्ये सभेत उठून मळीच्या विक्रीबद्दल किंवा तोडणी-वाहतुकीच्या खर्चाबद्दल विचारले, त्याला डिसेंबरमध्ये तोडीची चिठ्ठी मिळेल ना, ही शंका त्याच्या घरातील सगळ्यांना असते. ही शंका प्रत्येक ठिकाणी खरी ठरते असे मी म्हणत नाही. ती मनात असणे एवढेच माणसाला गप्प बसवायला पुरेसे आहे. तसेच पतसंस्थेत. ज्याला पुढच्या महिन्यात मुलीच्या लग्नासाठी कर्ज हवे आहे, किंवा ज्याच्या कर्जाला संचालकाचा भाऊ जामीन आहे, तो थकबाकीदारांची यादी मागणार नाही. तेव्हा ‘एकमताने मंजूर’ या शब्दांमागे किती जणांची संमती आहे आणि किती जणांची अडचण आहे, हे इतिवृत्तावरून कधीच कळत नाही.

दुसरी गोष्ट माहितीची. अहवालाची पुस्तिका गुळगुळीत कागदावर छापलेली असते, पहिल्या पानांवर छायाचित्रे आणि श्रद्धांजली असते, ताळेबंद मात्र बारीक टाइपात शेवटी असतो, आणि ती पुस्तिका पुष्कळदा सभेच्या दिवशी प्रवेशद्वारावर चहाच्या कूपनाबरोबर हातात पडते. सभेच्या सूचनेतच तळाशी ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तीस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही’ असे छापलेले असते. नियमानुसार ते बरोबर असेल. पण सभासद येणार नाहीत हे गृहीत धरूनच बोलावणे निघते, याचे कोणाला काही वाटत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल फारच कमी बोलले जाते. नागरी सहकारी बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या सभेत मत कोणाला असते? भागधारक सभासदाला. अनेक नागरी बँकांतून कर्ज घ्यायचे तर कर्जाच्या प्रमाणात शेअर्स घ्यावे लागतात, म्हणून कर्जदार हा बहुधा भागधारक असतोच. ठेवीदाराला मात्र बँकेत ठेव ठेवण्यासाठी शेअर घ्यावा लागत नाही, आणि अनेक पतसंस्थांत त्याला केवळ नाममात्र सभासद करून घेतले जाते. नाममात्र सभासदाला मताचा अधिकार नाही. म्हणजे ज्यांनी पैसे घेतले त्यांची सभा भरते आणि ज्यांनी पैसे ठेवले त्यांच्या पैशाचे निर्णय करते. निवृत्तीची रक्कम ठेवलेला शिक्षक, मोलमजुरी करून रोजची पिग्मी भरणारी भाजीवाली, गावी घर बांधण्यासाठी साठवणारा गिरणीतला कामगार हे त्या मंडपात नसतातच. सामूहिक शहाणपणाची चर्चा करताना समूह म्हणून कोणाला मोजले आणि कोणाला वगळले, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नैतिक जबाबदारीही तिथेच सुरू होते. मंडपात बसलेला भागधारक हात वर करतो तेव्हा तो स्वतःच्या लाभांशापुरता हात वर करीत नसतो. बाहेर राहिलेल्या ठेवीदाराच्या वतीनेही तो निर्णय देत असतो. बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे (फेब्रुवारी २०२० पूर्वी ते एक लाखच होते), पण पतसंस्थेतील ठेवीला ते संरक्षण मुळीच नाही, हे अनेक ठेवीदारांना संस्था अडचणीत आल्यावर कळते.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदारांना सुरुवातीस केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा उरली. त्या बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गुंतलेली होती आणि हजारो बनावट खात्यांआड ती लपवली होती, असे पुढे उघड झाले. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. मधल्या सव्वादोन वर्षांत खातेदारांनी काय सोसले, ते मुंबईकरांनी रस्त्यावर पाहिले आहे. इतक्या बेमालूम लपवलेली गोष्ट सामान्य सभासदाला सभेत दिसली असती, असा दावा मी करणार नाही. ते काम लेखापरीक्षकाचे आणि नियामकाचे होते. परंतु ‘आपल्या सर्वांत मोठ्या दहा कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती टक्के हिस्सा आहे’, हा प्रश्न दरवर्षी, प्रत्येक सभेत, उत्तर लेखी घेऊन विचारण्याची रीत आपल्या सहकारात रुजलेली असती, तर खोटे उत्तर देणाऱ्यालाही दरवर्षी ते सहीनिशी द्यावे लागले असते. हिशेब लपवणाऱ्याला न विचारणाऱ्यांची सभा फार सोयीची पडते.

विचारण्याचे अधिकार कायद्याने दिलेले आहेत, आणि ते बहुतेकांना ठाऊक नाहीत म्हणून इथे नोंदवतो. कलम ३२ नुसार कोणत्याही सभासदाला संस्थेच्या कार्यालयात कामकाजाच्या वेळेत पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेचे आणि समितीच्या बैठकांचे इतिवृत्त, तसेच संस्थेशी झालेल्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात, आणि शुल्क भरून त्यांच्या प्रती घेता येतात. कलम ७५ त्याहून पुढे जाते : समितीच्या सदस्यांना, त्यांच्या कुटुंबीयांना आणि ते ज्या फर्म वा कंपनीत भागीदार किंवा संचालक आहेत त्यांना दिलेली कर्जे, वर्षभरात झालेली परतफेड आणि वर्षअखेरची थकबाकी यांचे विवरण वार्षिक सभेपुढे ठेवणे समितीवर बंधनकारक आहे. आजवर मी ज्या सभांना बसलो, त्यांत हे विवरण मोठ्याने वाचले गेल्याचे मला आठवत नाही. लेखापरीक्षकाने अ, ब, क, ड यांपैकी कोणता वर्ग दिला तेवढे अभिमानाने सांगितले जाते. त्याने कोणते दोष दाखवले आणि दोषदुरुस्ती अहवालात संस्थेने त्यावर काय उत्तर दिले, हे सांगितले जात नाही.

एकमताने निर्णय घेणे मुळातच खोटे असते, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी काढू नये. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची ग्रामसभा कित्येक वर्षे सर्वसहमतीनेच निर्णय घेत आली आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा सर्वांना माहीत असते. पण त्या घोषणेमागची कार्यपद्धती फार कमी लोक समजून घेतात. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात एखाद्या विषयाची माहिती गोळा करायची, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचे, उलटसुलट चर्चा करायची, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर ढकलायचा. ही पद्धत संथ आहे. घाईच्या माणसाचा जीव तिथे गुदमरेल. पण याच गावाने २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीच्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१३ मध्ये गावकऱ्यांनी आपली खासगी जमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरवले. जमीन सोडण्याचा निर्णय एकमताने होतो, तेव्हा त्या एकमतामागे किती रात्रींचे बोलणे असेल, याचा अंदाज शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही येईल.

धंद्यातही हे जमते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जतचा व्याप उभा राहिला. तिथे काम करणारी प्रत्येक बहीण सहमालक आहे, नफ्यातोट्याची वाटेकरी आहे, आणि निर्णय सर्वांच्या संमतीने व्हावेत ही तिथली रीत आहे. केंद्रावर मळलेले पीठ घरी नेऊन लाटलेला पापड परत येतो तेव्हा तो तपासला जातो, आणि माल हलका निघाला तर त्याचा फटका लाटणारीसकट सर्वांना बसतो. मालकी आणि जबाबदारी एकाच हातात असल्यामुळे तिथे गप्प बसण्याची किंमत लगेच मोजावी लागते. आपल्या कारखान्यांत आणि पतसंस्थांत ती किंमत दहा वर्षांनी, आणि बहुधा दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते.

शहरांतील गृहनिर्माण संस्थांबद्दल एवढेच लिहितो की, इमारतीच्या पुनर्विकासासाठी विकासक निवडण्याच्या विशेष सभेचे चित्रीकरण झाले पाहिजे आणि तिथे निबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी हजर असला पाहिजे, असे शासनाला २००९ आणि २०१९ च्या निर्णयांत सांगावे लागले आहे. एका जिन्याने रोज ये-जा करणाऱ्या शेजाऱ्यांचा एकमेकांवरील विश्वास कुठपर्यंत आला आहे, त्यासाठी वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

माझ्या काही सूचना आहेत. त्यांसाठी नवा कायदा लागत नाही. एखाद्या संचालक मंडळाने मनावर घेतले तर येत्या सभेपासून त्या अमलात येतील. वार्षिक सभेच्या पंधरा दिवस आधी गावनिहाय किंवा शाखानिहाय बैठका घ्याव्यात. त्यांत निर्णय नको, मतदान नको, संचालकांची भाषणेही नकोत, केवळ लेखापरीक्षकाने किंवा एखाद्या जाणकार शिक्षकाने सभासदांना ताळेबंद ओळीने समजावून द्यावा. मेंढ्याच्या अभ्यासगटातून आपण एवढे तरी शिकू शकतो. प्रश्न लेखी आणि हवे तर निनावी स्वीकारावेत, म्हणजे तोडीच्या चिठ्ठीची धास्ती आड येणार नाही. ते सर्व प्रश्न, गैरसोयीचे वाटले तरी, उत्तरांसह सभेत वाचून इतिवृत्तात नोंदवावेत. ठेवीदारांना मत देता येत नसेल तर निदान सभेला बसू द्यावे आणि विचारू द्यावे. संचालक व त्यांच्या कुटुंबीयांच्या कर्जांचे विवरण अहवालाच्या पहिल्या पानांवर छापावे. अध्यक्षांनी ‘मंजूर आहे का’ असे विचारल्यानंतर ‘विरोध कोणाचा आहे’ असेही विचारावे आणि उत्तरासाठी थोडे थांबावे.

या सूचनांवर एक आक्षेप येईल, तो रास्तही आहे. प्रश्न विचारण्याच्या नावाखाली विरोधी गट गोंधळ घालतो, ध्वनिक्षेपक हिसकावतो, आणि सभा उधळली जाते. म्हणून घाईने विषय उरकावे लागतात, असे संचालक सांगतात. असा गोंधळ मीही पाहिला आहे आणि त्यात संस्थेच्या हिताचा विचार क्वचितच असतो. पण बारा महिन्यांत बोलण्याची जागा एकच ठेवली आणि तीही तासाभराची, तर तिथे शांत माणूस मागे पडतो व दांडगा पुढे येतो. प्रश्नांना आधीच लेखी वाट करून दिली तर गोंधळ घालणाऱ्याचे निमित्त कमी होईल. आणि विरोधकांनाही विचारले पाहिजे की, ज्या वर्षी सत्ता तुमच्या गटाकडे होती, त्या वर्षी तुम्ही किती प्रश्नांना उत्तरे दिलीत?

सामान्य सभासदाला दोष देणे मला जड जाते, पण त्याच्या वाट्याची जबाबदारी टाळून हे पत्र पुरे करता येणार नाही. सवलतीची साखर, दिवाळीची भेटवस्तू आणि लाभांशाचा एखादा टक्का जास्त, एवढ्यावर आपण समाधान मानतो. लाभांश वाढला की तो कशातून आला हे विचारत नाही. थकीत कर्जांसाठी करावयाची तरतूद कमी दाखवूनही नफा फुगवता येतो, आणि तो लाभांश म्हणजे ठेवीदाराच्या सुरक्षिततेतून काढलेला हिस्सा असू शकतो. तो खिशात घालणाऱ्याने ‘मला काय माहीत’ असे पुढे म्हणणे न्यायाला धरून होणार नाही, कारण माहिती घेण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. संचालक मंडळ आपल्या निर्णयांना संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या जबाबदार असते, हे कायद्यातच आहे; ज्या संचालकाला एखादे कर्जप्रकरण पटले नाही, त्याने आपला विरोध इतिवृत्तात लिहून घेतला पाहिजे. सभासदानेही तेवढे करावे.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणी आहे. यंदा सभांच्या बातम्या छापताना व्यासपीठावरील उपस्थितांची नावे दोन ओळींत आटोपावीत आणि उरलेल्या जागेत सभेत कोणते प्रश्न विचारले गेले, त्यांना काय उत्तर मिळाले, आणि अहवाल सभासदांच्या हाती किती दिवस आधी पडला होता, हे द्यावे. प्रश्न एकही विचारला गेला नसेल, तर तसेही छापावे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक सभासद-वाचक,
कराड, जि. सातारा